रेडिएटर गळतोय? बादली ठेवून थांबू नका



लेकीच्या किंवा सुनेच्या बाळंतपणाला इंग्लंडला निघालेल्या बाईची बॅग आपण सगळ्या मिळून भरतो. डिंक, आळीव, बाळंतशोपा, खारकेची पूड, मऊ दुपटी, पाणी गाळायचं दुहेरी फडकं. तिकडे थंडी किती, कानाला काय बांधायचं, विमानात काय खायचं, सगळं सांगून होतं. त्या घरातलं पाणी कुठे बंद होतं, हे मात्र कुणी सांगत नाही आणि जाणारीही विचारत नाही.

माझं म्हणणं असं आहे की हे विचारूनच जावं. आणि तिथे रेडिएटर गळायला लागला तर खाली बादली ठेवून "जावईबापू आले की बघतील" असं म्हणत दोन-चार दिवस काढू नयेत. दिवसभर त्या घरात कोण असतं? आपण, ओली बाळंतीण आणि तान्हं बाळ. म्हणजे गळती पहिल्यांदा दिसणार ती आपल्यालाच.

ज्यांनी रेडिएटर पाहिलेला नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगते. खिडकीखाली भिंतीला लावलेली पोलादी चपटी पेटी म्हणजे रेडिएटर. तिच्या आत पाणी असतं. स्वयंपाकघरात किंवा एखाद्या कपाटात बॉयलर असतो, बहुतेक घरांत गॅसवर चालणारा. तो पाणी तापवतो, पंप ते पाणी नळ्यांमधून खोल्याखोल्यांत फिरवतो, आणि गार झालेलं पाणी परत बॉयलरकडे येतं. आंघोळीला नळातून येणारं गरम पाणी वेगळं. रेडिएटरमधलं पाणी तेच तेच, वर्षानुवर्षं फिरत असतं.

हल्लीच्या घरांत हे पाणी बंद नळ्यांमध्ये दाबाखाली असतं. बॉयलरवर छोट्या घड्याळासारखा काटा असतो, काही बॉयलरवर नुसता आकडा दिसतो. हीटिंग बंद आणि सगळं गार असताना तो साधारण १ ते १.५ बार दाखवतो. तो सारखा खाली यायला लागला की समजावं, पाणी कुठून तरी बाहेर चाललंय, मग डोळ्यांना ओल दिसो वा न दिसो.

बाहेर पडणारं हे पाणी स्वच्छ नसतं. आतलं लोखंड गंजून त्याचा काळा बारीक गाळ पाण्यात मिसळलेला असतो, आणि गंज कमी व्हावा म्हणून घातलेलं रसायनही. फिक्या रंगाच्या गालिच्यावर ते सांडलं की डाग सहसा जात नाही. तिकडे वरच्या मजल्याची जमीन बहुधा लाकडी फळ्यांची असते. गालिचा भिजला की फळ्या भिजतात आणि मग ओल खालच्या खोलीच्या छतात उतरते.

माझ्या लेकीकडे, लेस्टरला, हे घडलं तेव्हा जानेवारी होता. नातू वीस दिवसांचा. जावई कामासाठी दोन दिवस परगावी गेलेले. बाळाच्या खोलीत रेडिएटरखाली गालिच्यावर रुपयाएवढा ओला डाग दिसला. लेक म्हणाली, "आई, एक बादली ठेव, तो परवा आला की बघेल." मी म्हटलं, "ठेवूच. पण आधी कुठून गळतंय ते तर बघू."

गळती शोधायला काही मोठी विद्या लागत नाही. हीटिंग बंद केलं आणि रेडिएटर गार होऊ दिला, कारण तापलेल्या रेडिएटरच्या पाण्याने हात भाजतो. मग सगळे सांधे कोरड्या फडक्याने पुसले. कागदी रुमालाचे तुकडे करून एकेका सांध्याला गुंडाळले आणि कुठला तुकडा आधी ओला होतो ते पाहिलं. थेंब जिथून पडतो तिथेच गळती असते असं नाही. पाणी नळीवरून घसरत सगळ्यांत खालच्या जागी येतं आणि तिथून पडतं. आपल्या स्लॅबच्या गळतीसारखंच हे.

बघण्याच्या जागा चार. एक, वॉल्व्ह आणि रेडिएटर जोडणारा मोठा नट, आणि खालची नळी जिथे वॉल्व्हला मिळते तो नट. दोन, वॉल्व्हची फिरणारी दांडी, जिथून झिजलेल्या पॅकिंगमधून पाणी पाझरतं. तीन, वरच्या कोपऱ्यातला हवा काढायचा छोटा स्क्रू. चार, खुद्द रेडिएटरचा पत्रा. पहिल्या तीन ठिकाणची गळती बहुधा थोडक्यात भागते. पत्र्यालाच टाचणीएवढं भोक पडलं असेल तर तो आतून गंजलेला आहे असं समजून नवा रेडिएटर बसवायची तयारी ठेवावी. त्यावर लांबी किंवा एम-सील थापून वर्ष काढायचा मोह नको.

आमच्याकडे मोठ्या नटाशी लावलेला कागद पहिला भिजला. मग रेडिएटरच्या दोन्ही बाजूंचे वॉल्व्ह बंद केले. एका बाजूला आकड्यांची टोपी असते, ती शून्यावर आणायची. त्यावर बर्फाच्या चांदणीची खूण असेल तर तेवढ्यावर थांबायचं नाही. त्या खुणेवर वॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही. खोली फार गार झाली की नळ्या गोठू नयेत म्हणून तो आपोआप उघडतो. दुसऱ्या बाजूला प्लॅस्टिकची साधी टोपी असते. ती काढली की आत दांडी दिसते. ती लहान पान्याने घड्याळाच्या काट्याच्या दिशेने बंद करायची आणि किती वळसे दिले ते मोजून लिहून ठेवायचं. सगळ्या खोल्यांना सारखी ऊब मिळावी म्हणून तो वॉल्व्ह ठरावीक प्रमाणातच उघडा ठेवलेला असतो, म्हणून उघडताना तेवढेच वळसे परत द्यायचे. आमचे अडीच वळसे लेकीने कॅलेंडरवर लिहिले.

रेडिएटरच्या आत उरलेलं पाणी थोडा वेळ टपकत राहिलं, त्यासाठी खाली पसरट भांडं ठेवलं. तासाभरात थेंब थांबला. एकच रेडिएटर बंद केल्याने बाकीच्या घराचं हीटिंग परत चालू करता आलं. बाळाला दुसऱ्या खोलीत हलवलं, भिजलेला गालिचा उचलून खाली हवा लागेल असा अडकवला, आणि प्लंबरला फोन केला. तो दुसऱ्या दिवशी सकाळी आला. नट सोडवला, जुनं काढून नवीन टेप गुंडाळून पुन्हा बसवला, हवा काढली, पाण्याचा दाब नीट केला. पाऊण तासाचं काम, नव्वद पौंड.

तो नट मी स्वतः का आवळला नाही, असं काही जणी विचारतील. वॉल्व्ह एका पान्याने धरून ठेवायचा आणि दुसऱ्याने नट अलगद, पाव वळसा आवळायचा, एवढ्याने पुष्कळदा काम होतं. पण वॉल्व्ह न धरता जोर लावला तर खालची तांब्याची नळी पिळवटते आणि थेंबाची धार होते. गळती ओळखणं आणि पाणी अडवणं आपण करावं, नट ज्याचा त्याला माहीत. बॉयलरचं झाकण तर कधीच उघडू नये. तिथे गॅसच्या कामाला 'गॅस सेफ' नोंदणी असलेलाच माणूस लागतो, तसा कायदा आहे. २००९ पासून ही नोंदणी आहे आणि त्या माणसाकडे ओळखपत्र असतं. ते मागायला लाजू नये.

आता आपल्याकडून जे तीन आक्षेप येतात त्यांबद्दल बोलते. हे तिन्ही मी स्वाध्यायाच्या बैठकीत आणि फोनवर ऐकलेले आहेत.

पहिला आक्षेप पैशाचा. "नव्वद पौंड! म्हणजे आपले किती झाले?" असं म्हणून आपण लगेच रुपयांनी गुणतो आणि लेकीला प्लंबर बोलवू देत नाही. मी बी.कॉम. झाले त्याला चाळीस वर्षं होऊन गेली, पण एक गोष्ट पक्की लक्षात आहे. मिळकत ज्या चलनात, त्याच चलनात खर्च मोजायचा. लेक पौंडात कमावते, तिच्या घराचा हप्ता पौंडात जातो, तिची दुरुस्तीही पौंडातच होणार. आपल्या सांगली-कोल्हापूरच्या प्लंबरच्या मजुरीशी तिची तुलना करण्यात अर्थ नाही.

हिशेब करायचाच असेल तर नीट करू. नट बसवणं हा किरकोळ चालू खर्च. गालिचा, फळ्या, खालचं छत आणि रंगकाम हा मोठा खर्च. पहिला टाळला तर दुसरा अंगावर येतो. विमा आहे ना, असं कुणी म्हणेल. तिकडच्या बहुतेक घरविम्यांत अचानक पाणी सांडून झालेलं नुकसान धरतात, पण हळूहळू, कित्येक दिवस पाझरून झालेलं नुकसान सहसा धरत नाहीत, आणि झिजलेला भाग बदलायचा खर्चही बहुधा आपल्यावरच येतो. त्यामुळे ओल दिसल्या दिवशीच तारखेसकट फोटो काढून ठेवावा. आमच्या लेकीने काढला होता.

याच आक्षेपाचं दुसरं रूप म्हणजे "काटा खाली आला की थोडं पाणी भरत राहू, चालतंय की." बॉयलरला पाणी भरायची सोय असते, ते सोपंही असतं. पण नवीन पाण्याबरोबर नवीन प्राणवायू आत जातो, आणि लोखंड गंजतं ते पाणी आणि प्राणवायू एकत्र आल्यानेच. आत कोंडलेल्या जुन्या पाण्यातला प्राणवायू केव्हाच संपलेला असतो, म्हणून ते फारसं गंजवत नाही. आपण आठवड्याला पाणी भरत राहिलो तर गळती तशीच राहते आणि शिवाय बाकीचे रेडिएटरही आतून खायला लागतो.

दुसरा आक्षेप आपल्या धर्माच्या अंगाने येतो, म्हणून तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. आमच्या एक अक्का म्हणाल्या, "आरंभ जितका कमी तितका बरा. गळतंय तर भांडं ठेवावं, ते पाणी संडासात ओतावं. उगाच ठोकाठोकी कशाला?" अक्कांचा स्वाध्याय माझ्याहून मोठा आहे, तरी इथे मी त्यांच्याशी सहमत नाही.

समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे जे पाच प्रकार आहेत, त्यांत प्रमादचर्या हा एक आहे. पृथ्वी, पाणी, अग्नी, वायू यांचा निष्कारण आरंभ त्यात येतो. गळका रेडिएटर तसाच ठेवला तर पाणी विनाकारण जातं, आणि ते परत परत भरून परत परत तापवावं लागतं. म्हणजे पाणी आणि अग्नी, दोन्हींचा निरर्थक आरंभ. पाऊण तासाच्या दुरुस्तीत आरंभ आहे हे खरं, पण तो सप्रयोजन आहे आणि पुढचा सगळा आरंभ थांबवणारा आहे. आपण श्राविका आहोत, आर्यिका नव्हे. गृहस्थाच्या घरात आरंभी हिंसा पूर्ण टळत नाही, म्हणून तर आपल्याला यत्नाचार सांगितला आहे.

आणि ओलीचा विचार करा. आपल्याकडे पिठाची मर्यादा थंडीत ७ दिवस, उन्हाळ्यात ५ आणि पावसाळ्यात ३ दिवस मानतात. हा सगळा हिशेब ओलाव्याचा आहे. ओल आली की जीवोत्पत्ती झाली, हे आपल्या आज्या-पणज्यांना पाठ होतं. इंग्लंडच्या बंद घरात, भिजलेल्या गालिच्याखाली, बाराही महिने पावसाळाच असतो. तिथे बुरशी धरते, आणि बुरशी तर अनंतकाय. पाठोपाठ ओलीला येणारे किडे येतात, ते त्रस जीव. मग कुणीतरी फवारा आणतो आणि सगळं मारून टाकतो. अक्का, पहिल्या दिवशी नट आवळून घेतला असता तर हे पाप लागलं असतं का? हिंसेचं मूळ प्रमादात आहे हे आपण रोज वाचतो. 'बघू नंतर' म्हणणं हाही प्रमादच.

बुरशीचा धोका माणसालाही आहे, आणि तान्ह्या बाळाला सगळ्यांत जास्त. रॉचडेल शहरात २०२० मध्ये अवाब इशाक नावाचा दोन वर्षांचा मुलगा दगावला. घरातल्या बुरशीत दीर्घकाळ राहिल्याने त्याला श्वसनाचा आजार झाला होता, असं २०२२ मध्ये चौकशीत ठरलं. वडिलांनी बुरशीची तक्रार केलेली होती. २०२३ मध्ये तिकडच्या सामाजिक गृहनिर्माणाच्या कायद्यात त्याच्या नावाने ओळखली जाणारी तरतूद आली, ओल आणि बुरशीच्या तक्रारीकडे घरमालक संस्थेने ठरावीक मुदतीत लक्ष द्यायला हवं अशी. त्या घरात रेडिएटर गळत होता असं मी म्हणत नाही. ओल कुठूनही आली तरी बाळाच्या खोलीत ती राहू देऊ नये, एवढंच सांगायचं आहे.

भाड्याच्या घरात राहणाऱ्या मुलामुलींसाठीही एक गोष्ट सांगते. माझ्या एका भाचीच्या घरी रेडिएटर गळत होता, तर घरमालकाच्या एजंटाने तिला तोंडी सांगितलं, "सध्या भांडं ठेवा." तीन आठवडे ती भांडं रिकामं करत राहिली. इंग्लंडमध्ये १९८५ चा घरमालक-भाडेकरू कायदा आहे. त्याच्या ११ व्या कलमानुसार, सात वर्षांहून कमी मुदतीच्या भाडेकरारात खोल्या गरम ठेवण्याची आणि पाणी तापवण्याची यंत्रणा दुरुस्त ठेवणं ही घरमालकाची जबाबदारी आहे. तक्रार मात्र लेखी करावी, फोटो जोडावा आणि उत्तर जपून ठेवावं. भाचीने ईमेल केला आणि चार दिवसांत माणूस आला. आपण आया इथून "जाऊ दे गं, परक्या देशात भांडण नको" असं सांगतो, ते सांगू नये. कायद्याने मिळालेली गोष्ट मागणं म्हणजे भांडण नव्हे.

तिसरा आक्षेप, "हे पुरुषांचं काम." घर सोडून दहा तास बाहेर असणाऱ्या माणसाचं हे काम कसं, हे मला कळलेलं नाही. गॅसचं सिलिंडर बदलणं, मिक्सरचं वायसर बदलणं, फ्यूज गेला की मेन स्विच बघणं, हे आपण इथे करतोच. तिकडे यंत्राचं नाव इंग्रजी असतं म्हणून आपण मागे सरतो. पाणी मात्र सगळीकडे सारखंच वागतं.

तेव्हा जाणाऱ्या प्रत्येकीने पहिल्याच आठवड्यात लेकीला किंवा जावयाला घेऊन घरातून एक फेरी मारावी आणि एवढं पाहून घ्यावं. घरात येणाऱ्या पाण्याचा मेन कॉक कुठे आहे, तो हाताने फिरतो का. बहुतेक घरांत तो स्वयंपाकघरातल्या सिंकखाली असतो. विजेचा मेन स्विच कुठे आहे, कारण पाणी प्लगपर्यंत गेलं तर आधी वीज बंद करायची, आणि तिथवर जायची वाटच भिजलेली असेल तर पाण्यात पाय न घालता मदत मागायची. बॉयलरवरचा दाबाचा आकडा किती आहे. माळ्यावर पाण्याची लहान टाकी आहे का. जुन्या पद्धतीच्या घरांत त्या टाकीतून रेडिएटरच्या नळ्यांत पाणी आपोआप भरलं जातं, म्हणून तिथे बॉयलर बंद केला तरी गळती चालूच राहते. हवा काढायची छोटी चावी आणि एक लहान पाना कुठे ठेवला आहे. प्लंबरचा नंबर फ्रिजवर चिकटवलेला आहे का, कारण लेक झोपलेली असेल तर तिचा फोन उघडत बसायला वेळ नसतो.

आणखी एक. भांड्यात जमलेलं काळं पाणी बागेत किंवा बाहेरच्या पावसाळी गटारात ओतू नये. तिकडे पावसाचं गटार पुष्कळदा थेट ओढ्याला मिळतं, आणि या पाण्यात रसायन असतं. ते संडासात ओतावं, अक्कांचं एवढं मात्र बरोबर आहे. पाणी गाळून जिवाणी परत जागच्या जागी पोचवणाऱ्या घरातल्या आपण, आपल्याला हे वेगळं सांगायला नको.

ज्यांची मुलं तिकडे आहेत त्यांनी या रविवारच्या फोनवर एवढंच विचारा: "तुमच्या घरातलं पाणी कुठे बंद होतं? फोटो पाठव." बऱ्याच मुलांना स्वतःलाच ते माहीत नसेल, मग तेही शोधतील. आणि ज्या इथेच आहोत त्यांनी उठून आपल्या गिझरच्या खालचा कॉक एकदा फिरवून बघा. कित्येक वर्षं न फिरवलेला कॉक ऐन वेळी हलत नाही. हलत नसेल तर उद्याच प्लंबरला बोलवा.

जय जिनेंद्र.